सूत्र, खर्च आणि व्याकरण : प्रोग्रॅमिंग भाषांची पहिली पंधरा वर्षं



गणिताच्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. विषय गणिताच्या अंगाने जाणारा हवा, पण फळा-खडू मागणारा नको, अशा बेताने मी संगणकाच्या भाषा निवडल्या. त्यातही फक्त आरंभ, म्हणजे साधारण १९४५ ते १९६० ही पंधरा वर्षं. पुढच्या भाषा ज्या पायावर उभ्या राहिल्या, तो बराचसा याच काळात घातला गेला.

हा इतिहास सहसा सोयीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी यंत्रभाषा होती, ती अवघड होती, म्हणून सोप्या भाषा आल्या. ऐकायला पटतं. पण सोपी भाषा हवी हे या क्षेत्रातल्या माणसांना फार लवकर कळलं होतं. तशा भाषा आखल्या गेल्या, काही चालूही झाल्या, आणि बहुतेक पडून राहिल्या. मग १९५७ साली एक भाषा आली आणि वर्षभरात अमेरिकेतल्या संगणक-केंद्रांत पसरली. तिच्यात असं काय होतं? ती परवडली, हे माझं उत्तर. कोणती भाषा जगायची हे त्या काळात खर्चाच्या हिशेबाने ठरवलं, आणि तो हिशेब मांडताना कोणाचा वेळ धरला आणि कोणाचा सोडला, याचे परिणाम पुढे दीर्घकाळ राहिले. आज हेच आपल्यासमोर मांडायचं आहे.

सुरुवात जर्मनीतून करू. कोनराड त्सूझे हा बर्लिनचा स्थापत्य अभियंता. विमानांच्या रचनेतली कंटाळवाणी आकडेमोड टाळायची म्हणून तो यंत्रांकडे वळला आणि १९४१ साली त्याने प्रोग्रॅमवर चालणारं ‘झेड-३’ हे यंत्र उभं केलं. बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं. पुढचं ‘झेड-४’ त्याने कसंबसं वाचवलं आणि युद्धाच्या अखेरीस आल्प्सच्या पायथ्याशी हिंटरश्टाइन नावाच्या खेड्यात नेलं. तिथे यंत्र चालवण्याची सोय नव्हती. हाताशी वेळ होता आणि कागद होता. त्यात त्याने ‘प्लानकाल्क्यूल’ ही भाषा लिहून काढली. तिच्यात अट होती, आवर्तन होतं, एका नावाखाली अनेक मूल्यांची रचना होती. बुद्धिबळाचे नियम या भाषेत कसे मांडता येतील, याचीही त्याने पानंच्या पानं भरली. पुढे दहा-पंधरा वर्षांत इतरांनी एकेक करून जे शोधलं, त्यातलं पुष्कळसं या हस्तलिखितात होतं. ते पूर्ण स्वरूपात छापलं गेलं १९७२ साली. तोवर जग दुसऱ्या वाटेने बरंच पुढे गेलं होतं. ही भाषा यंत्राच्या भाषेत उतरवून चालवून दाखवणारा अनुवादक, म्हणजे तसा प्रोग्रॅम, नव्हता आणि त्याची निकड असलेलं गिऱ्हाईकही नव्हतं. नुसत्या गुणवत्तेवर भाषा टिकत नाही, याचा हा पहिला दाखला.

दुसरं ठिकाण केंब्रिज. मॉरिस विल्क्स यांच्या चमूचं ‘एड्सॅक’ यंत्र ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चाललं आणि त्याने वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. या यंत्राला सूचना द्यायच्या त्या छिद्रं पाडलेल्या कागदी टेपवरून. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने अशी व्यवस्था केली, की बेरजेसाठी ‘ए’, वजाबाकीसाठी ‘एस’ असं अक्षर आणि पुढे दशमान पद्धतीचा पत्ता एवढंच माणसाने लिहायचं. त्याचे द्विमान आकडे यंत्राने स्वतः करायचे. हे रूपांतर करणाऱ्या पहिल्या संचात एकतीस सूचना होत्या आणि त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत तशा स्विचांवर कायमच्या बसवलेल्या होत्या. म्हणजे माणसाचं लिखाण यंत्राने यंत्राच्या भाषेत उतरवायचं, हे काम पहिल्या वर्षीच सुरू झालं होतं.

याच वर्षातली विल्क्स यांची आठवण प्रसिद्ध आहे. एका अवघड फलनाचं मूल्य काढणारा त्यांचा पहिला खरा प्रोग्रॅम जेमतेम सव्वाशे ओळींचा होता, आणि त्यात वीसेक चुका निघाल्या. यंत्राची खोली आणि टेप पंच करण्याची खोली यांच्यामधल्या जिन्यावर त्यांना उमगलं, की उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. यंत्र बांधणं अवघड आणि त्याला सांगणं सोपं, असा तोवरचा समज होता. या चुकांवर केंब्रिजने जो उपाय काढला तो फार व्यवहारी होता. एकदा तपासून पक्की केलेली छोटी सूचनामाला टेपवर जपून ठेवायची आणि पुढच्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी वापरायची. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. प्रोग्रॅमिंगवरच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला ग्रेस हॉपर यांनी हाच धागा पुढे नेला. मूळच्या गणिताच्या प्राध्यापक, युद्धकाळात नौदलात शिरलेल्या. तपासलेल्या सूचनामाला हाताने उतरवून घेताना माणूस चुकतो, मग ते उतरवून घेण्याचं कामही यंत्रालाच का देऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. १९५२पर्यंत त्यांचा ‘ए-झीरो’ हा प्रोग्रॅम युनिव्हॅक यंत्रावर हे करू लागला. त्याच वर्षी मँचेस्टरला अ‍ॅलिक ग्लेनी यांनी ‘ऑटोकोड’ हा अनुवादक केला. एमआयटीत लॅनिंग आणि झिअरलर यांनी ‘व्हर्लविंड’ यंत्रासाठी अशी प्रणाली केली, की बीजगणितातली समीकरणं जवळजवळ वहीत लिहितो तशी द्यावीत आणि उत्तर घ्यावं.

मग घोडं अडलं कुठे? वेगात. लॅनिंग-झिअरलर यांच्या प्रणालीने चालवलेला प्रोग्रॅम हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमपेक्षा सुमारे दहापट हळू चाले. यंत्राचा तास सोन्याच्या मोलाचा असताना ते कोणाला परवडणार? शिवाय अनुभवी प्रोग्रॅमरांना मनापासून वाटे, की आपल्या कामात जी चतुराई लागते ती यंत्राला येणं शक्यच नाही. आयबीएमचे जॉन बॅकस यांनी पुढे या मंडळींचं वर्णन पुरोहितवर्ग असं केलं. गूढ विद्या जपणारा आणि ती सगळ्यांना खुली करण्याच्या कल्पनेकडे तुच्छतेने पाहणारा.

हे वर्णन ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात ज्ञानेश्वरी आली असेल. मराठी व्यासपीठावर ती उपमा तयारच असते. मी मुद्दाम ती देणार नाही. पुरोहितांच्या हातून विद्या सुटली हे खरं, पण ती सर्वांच्या हाती द्यावी या कळकळीने सुटली नाही. ती सुटली कारण पुरोहित महाग पडू लागले.

बॅकस स्वतः हिशेब असा मांडत. संगणक-केंद्रातल्या प्रोग्रॅमरांच्या पगाराचा खर्च निदान यंत्राच्या खर्चाइतका असतो. त्यात यंत्राचा पाव ते अर्धा वेळ चुका शोधण्यात जातो. एकूण खर्चातला पाऊण वाट्यापर्यंतचा भाग अशा रीतीने प्रोग्रॅम लिहिण्या-तपासण्यावरच जातो, आणि यंत्रं स्वस्त होत जातील तसा तो वाढणारच. १९५३च्या अखेरीस त्यांनी हे आयबीएममधले आपले वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना लिहून कळवलं आणि नव्या ‘७०४’ यंत्रासाठी भाषा आणि अनुवादक करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली.

इथे एक बारकावा आहे, आणि या इतिहासाची किल्ली मला त्यात दिसते. ‘७०४’च्या आधीच्या बहुतेक यंत्रांना अपूर्णांकांची मोठी आकडेमोड थेट जमत नसे. दशांशचिन्ह कुठे आहे याची उठाठेव सूचनामालांनी करावी लागे, आणि यंत्राचा बहुतेक वेळ तिथेच खर्ची पडे. त्या गर्दीत अनुवादकाने थोडा जास्त वेळ खाल्ला तर तो झाकून जाई. ‘७०४’मध्ये हे काम विद्युतमंडलंच करू लागली. आवर्तनात पत्ते पुढे सरकवण्यासाठीही वेगळी सोय आली. यंत्र सुधारलं आणि अनुवादकाचा आडोसा गेला. आता त्याने रचलेली प्रत्येक फालतू सूचना घड्याळात दिसणार होती. म्हणून बॅकस यांनी अट स्वतःवरच घालून घेतली: आमच्या अनुवादकाने तयार केलेला यंत्रप्रोग्रॅम कसलेल्या प्रोग्रॅमरने हाताने लिहिलेल्याच्या तोडीचा असला पाहिजे. भाषेची रचना त्यांना त्या मानाने किरकोळ वाटे. ती काम करता करता ठरत गेली. खरा घाम अनुवादकावर गाळला गेला.

त्यांच्या चमूत हळूहळू नऊ-दहा माणसं जमली. कोणी स्फटिकशास्त्रज्ञ, कोणी विमानकंपनीतून उसना आलेला, कोणी एमआयटीतून. लोइस हेट ही व्हॅसर कॉलेजातून नुकतीच पदवी घेऊन आलेली मुलगी. सहा महिन्यांत होईल म्हणून सांगितलेलं काम तीन वर्षं चाललं. यंत्र रात्री मोकळं मिळे, म्हणून न्यूयॉर्कच्या ५६व्या रस्त्यावरच्या लँग्डन हॉटेलात खोल्या घेऊन ही मंडळी दिवसा झोपत आणि रात्री काम करत.

अनुवादकाचे एकामागून एक सहा भाग होते. पहिला भाग कंस सोडवून कोणती क्रिया आधी, कोणती नंतर हे लावून देई. दुसरा आवर्तनं तपासे आणि आत पुन्हापुन्हा होणारी जी आकडेमोड बाहेर एकदाच करून भागेल ती बाहेर काढी. लोइस हेट यांच्याकडे चौथा भाग होता. प्रोग्रॅमची कोणती वाट किती वेळा तुडवली जाईल याचा अंदाज तो घेई, आणि त्यासाठी प्रोग्रॅम लटकाच चालवून पाही, फाट्यावर आलं की संभाव्यतेच्या आधाराने एक वाट निवडून. त्या अंदाजावर पुढच्या भागाने यंत्रातल्या मोजक्या नोंदजागा, म्हणजे रजिस्टर, कोणाला द्यायच्या ते ठरवायचं. या सगळ्याचा परिणाम असा, की अनुवादकाने रचलेला प्रोग्रॅम पाहून त्याचे कर्तेच चकित होत. अमुक सूचना इथे का हलवली हे त्यांना चटकन लागत नसे. शोधून पाहिलं की ती योग्यच निघे.

एप्रिल १९५७मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस-बेटिस या अणुभट्टीच्या प्रयोगशाळेत छिद्रं पाडलेल्या कार्डांचा एक खोका पोहोचला. सोबत धड चिठ्ठी नव्हती. तिथल्या हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं, की हा बॅकस यांच्या चमूचा अनुवादक, म्हणजे फॉरट्रान, असणार. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम देऊन पाहिला. यंत्राने तो नाकारला आणि छापून दिलं, की अमुक प्रकारच्या विधानात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम राहिला आहे. स्वल्पविराम घातला आणि प्रोग्रॅम चालला. विल्क्स यांना जिन्यावर जी धास्ती वाटली होती तिच्यावरचा पहिला मोठा उतारा या छापील ओळीत होता. चूक आहे आणि ती इथे आहे, एवढं आता यंत्र सांगू लागलं. वर्षभराने, एप्रिल १९५८मध्ये सव्वीस ‘७०४’ केंद्रांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक केंद्रं आपलं निम्म्याहून अधिक काम फॉरट्रानमध्ये करत होती. ज्यांना खात्री नव्हती त्यांनी अनुवादकाची कामगिरी स्वतः मोजली, आणि वाद मिटला.

अभियंत्यांचं भागलं. कारकुनी कामाचं काय? पगारपत्रक, विमा, गोदामाची नोंद या कामांत सूत्रं फार नसतात, नोंदी भरपूर असतात. हॉपर यांचं म्हणणं असं, की ही कामं करणारी माणसं चिन्हांच्या भाषेत लिहिणार नाहीत, त्यांना शब्द हवेत. इंग्रजी शब्दांतल्या आज्ञा घेणारा नमुना त्यांनी केला. आणि आज्ञा कोणत्या भाषेत आहे याने यंत्राला फरक पडत नाही हे दाखवायला तोच नमुना फ्रेंच आणि जर्मन आज्ञांवरही चालवला. त्या सांगत, की याचा परिणाम नेमका उलटा झाला. फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकी यंत्र फ्रेंच कसं समजेल, म्हणून वरिष्ठच हादरले आणि यापुढे फक्त इंग्रजीच, असं वचन देऊन त्यांची समजूत काढावी लागली. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा आली, पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात.

अडचण अशी, की प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. यंत्र बदललं की प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहायचे. यावर हालचाल सुरू केली बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी, १९५९च्या वसंतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तेव्हा २२५ संगणक होते आणि १७५ यायचे होते. हा फेरलेखनाचा खर्च सर्वांत जास्त या खात्यालाच बसणार होता. मेच्या अखेरीस पेंटॅगॉनमध्ये सुमारे चाळीस जणांची बैठक झाली आणि तात्पुरती कामचलाऊ भाषा करायला एक समिती नेमली गेली. समितीत भांडणं इतकी, की आरसीए कंपनीचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी या भाषेचं कोबॉल हे नाव कोरलेला थडग्याचा दगडच विकत घेतला आणि संरक्षण खात्याच्या चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिला. थडगं लागलं नाही. डिसेंबर १९६०मध्ये एकच कोबॉल प्रोग्रॅम, किरकोळ फेरफार करून, आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. पण कोबॉल पसरायला खरा जोर मिळाला तो सरकारी खरेदीतून. कोबॉल चालत नसेल तर सरकारला संगणक विकणं वा भाड्याने देणं अवघड होईल, असं धोरण आलं आणि सगळ्या कंपन्या सरळ आल्या. तात्पुरती म्हणून केलेली भाषा आजही कित्येक बँकांच्या तळघरात राबते आहे.

हिशेबात कोणाचा वेळ धरला नाही याचं उदाहरणही इथेच सापडतं. कार्डावर ऐंशीच रकाने, मेमरी महाग. म्हणून वर्ष लिहायचं तर शेवटचे दोन अंक. साठीच्या दशकात हा निर्णय अगदी शहाणपणाचा होता. त्याची किंमत नव्वदीच्या अखेरीस मोजावी लागली, जेव्हा २००० साल १९०० समजलं जाण्याची वेळ आली. ते जुने प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासायचं काम मोठ्या प्रमाणात भारतात आलं. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी तरुण अभियंत्यांनी आपल्या जन्माआधीच्या भाषेत पहिली नोकरी केली आणि त्या कामातून परदेश पाहिला. पेंटॅगॉनमधल्या एका बैठकीचा धागा असा आपल्या घरांपर्यंत येतो.

तिसरी वाट युरोपची. तिथल्या गणितज्ञांना एका कंपनीची भाषा जगावर लादली जाण्याची धास्ती होती. १९५८च्या मे-जूनमध्ये झुरिकला चार अमेरिकी आणि चार युरोपीय बसले आणि अल्गोल या भाषेचा पहिला आराखडा झाला. सभा जवळजवळ अडकली ती दशांशासाठी टिंब की स्वल्पविराम यावर! तोडगा निघाला तो असा, की भाषेची एक मूळ संदर्भ-भाषा असावी आणि छपाईची व यंत्रावरची रूपं ज्याच्या त्याच्या सोयीने असावीत. भाषा आणि तिची लिपी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या गेल्या.

पण आराखडा वाचताना लक्षात आलं, की गद्यात लिहिलेल्या नियमांचे दोन अर्थ निघतात. १९५९ साली पॅरिसच्या परिषदेत बॅकस यांनी, होय, फॉरट्रानवालेच बॅकस, भाषेची रचना सांगण्यासाठी एक चिन्हपद्धती मांडली. मोजक्या नियमांतून भाषेतलं प्रत्येक शुद्ध विधान तयार करता यावं आणि अशुद्ध एकही होऊ नये. डेन्मार्कचे पीटर नाऊर यांनी ती सुधारली आणि १९६०चं अल्गोलचं प्रतिवेदन तीत लिहिलं. अल्गोल अमेरिकेत फारशी खपली नाही. आकडे आत घ्यायचे-बाहेर छापायचे कसे, याचे नियमच तिच्यात दिले नव्हते, आणि आयबीएमची गुंतवणूक फॉरट्रानमध्ये होती. हिशेबात ती हरली. मात्र पुढच्या भाषा ज्या पद्धतीने लिहिल्या गेल्या ती पद्धत तिची.

१९६७ साली पीटर इंगरमन यांनी एका संगणक-नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं, की या पद्धतीला पाणिनी-बॅकस रूप म्हणावं, कारण अशाच ताकदीची नियमपद्धती पाणिनीने संस्कृतसाठी कित्येक शतकं आधी वापरली होती. आपल्याला याचा आनंद होणं स्वाभाविक आहे. पण बॅकस यांनी ती पाणिनीकडून घेतली नव्हती. त्यांची प्रेरणा एमिल पोस्ट या तर्कशास्त्रज्ञाचं काम, असं ते सांगत. आणि यावरून संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा आहे असं काही सिद्ध होत नाही. पाणिनीचं मोठेपण त्यापेक्षा मोठं आहे. आधी माणसांच्या बोलण्यात वाढलेल्या भाषेला त्याने नियमांत बसवलं. बॅकस-नाऊर यांनी नियम आधी केले आणि भाषा नंतर जन्मली. पहिलं काम कितीतरी अवघड.

याच काळात मुंबईत काय चाललं होतं? टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण चमूने ‘टीआयएफआरएसी’ हा संगणक स्वतः बांधला. तो १९६०मध्ये चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. त्याच्या आज्ञा यंत्रभाषेत लिहाव्या लागत. १९६४मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा विकत घेतलेला अमेरिकी संगणक आला आणि त्यासोबत फॉरट्रान आली. देशभरातल्या वैज्ञानिकांना आपलं सूत्र सूत्रासारखं लिहून कार्डं मुंबईला पाठवता येऊ लागली. यंत्र बांधायचं धाडस आपण केलं होतं. अनुवादक मात्र आयात केला.

श्रोतेहो, हा इतिहास आज सांगण्याला कारण आहे. साध्या बोलीत मागणी करावी आणि यंत्राने प्रोग्रॅम लिहून द्यावा, असे दिवस आले आहेत, आणि १९५४चे सगळे वाद पुन्हा कानावर पडताहेत. यंत्राला ही चतुराई जमणार नाही, असं काही म्हणतात. प्रोग्रॅमर महाग आहेत, असं मालक म्हणतात. निकाल या वेळीही बहुधा हिशेबच लावेल. पण एक फरक विसरू नये. फॉरट्रानवर विश्वास बसला कारण तिच्या विधानाला ठरलेला अर्थ होता, आणि स्वल्पविराम राहिला तर यंत्र अंदाज न बांधता अडून बसे. बोलीतल्या मागणीला असं व्याकरण नाही. तिचे दोन अर्थ निघतात तेव्हा यंत्र त्यातला एक गुपचूप निवडतं. तेव्हा जो वेळ लिहिण्यात वाचेल त्यातला मोठा वाटा तपासण्यात घालावा लागेल, आणि तपासणाऱ्याचा पगार खर्चाच्या तक्त्यात आजच लिहावा लागेल. वर्षाचे दोन अंक वाचवणाऱ्यांनी तो रकाना सोडला होता.